काटकसरी कन्सोल, मुक्या पिना: कामाची वही

४ जानेवारी

टेबलावर व्हिडिओ गेमची तीन जुनी मशिनं मांडली. ताईचा सुपर निन्टेंडो, पण मूळचा नव्हे, १९९७ मधला धाकटा, ज्याला सगळे 'ज्युनिअर' म्हणतात (एसएनएस-१०१). माझा स्वतःचा वरून कॅसेट घालायचा एनईएस (सुपर निन्टेंडोच्या आधीचा कन्सोल; मॉडेल एनईएस-१०१, साल १९९३). आणि बंद पडलाय म्हणून मिळालेला सेगा मास्टर सिस्टम २, मूळ १९९० चं मॉडेल.

तिघांची कुंडली सारखीच. कन्सोल म्हातारा झाला, त्याच कंपनीचा नवा वारस बाजारात आला, मग जुन्याचीच एक लहान, हलकी, स्वस्त आवृत्ती काढली. अमेरिकेत एनईएस-१०१ आला तेव्हा सुपर निन्टेंडो येऊन दोन वर्षं झाली होती. किंमत ५० डॉलरला एक सेंट कमी. ज्युनिअर आला तो निन्टेंडो ६४ च्या नंतर, साधारण १०० डॉलरला. खेळ तेच, चिपा बहुतेक त्याच, फक्त मागची बाजू पाहिली की कळतं कुठे हात आखडता घेतलाय.

जे काढून टाकलं त्यातलं किती परत बसवता येतं, एवढंच बघायचंय. नियम तीन: केसला (बाहेरच्या प्लास्टिकच्या खोक्याला) भोक पाडायचं नाही, कंपनीची मूळ केबल चालली पाहिजे, आणि केलेला प्रत्येक बदल उद्या उलटवता आला पाहिजे. दुसरा नियम एनईएसला लागू होणार नाही हे लिहितानाच लक्षात आलं, कारण त्याला अँटेनाच्या वाटेशिवाय चित्राच्या केबलचं सॉकेटच नाही. असो.

५ जानेवारी

ज्युनिअर उघडला. स्क्रू त्या खास जातीचे, डोकं बाहेर आलेलं, सहा खाचांचं, ४.५ मिलिमीटरचा पाना लागतो. (कॅसेटना ३.८ चा. दोन्ही एकाच डब्यात ठेवू नयेत, दर वेळी चुकीचाच हाताला लागतो.)

आतला बोर्ड बघून वाईट वाटत नाही, उलट कौतुक वाटतं. मूळ सुपर निन्टेंडोमध्ये प्रोसेसर एक आणि चित्राच्या चिपा दोन, असा संसार होता. इथे तिन्ही एका चिपेत गेलेत, म्हणूनच या बोर्डाला 'वन-चिप' म्हणतात. काय गेलंय ते पटापट लिहून ठेवतो: कॅसेट बाहेर काढायचं बटण, तळाचा एक्स्पान्शन पोर्ट, पॉवरचा लाल दिवा, एस-व्हिडिओ (उजेड आणि रंग दोन वायरींत), आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या वायरींत).

मागचं मल्टी-आउट सॉकेट (चित्र-आवाज बाहेर नेणारं) मात्र जुन्यासारखंच १२ पिनांचं. मल्टिमीटर बीपवर लावून एकेक पिन तपासली. ५ आणि ६ ग्राउंड, बीप. ९ काँपोझिट (सगळं चित्र एकाच वायरीत), जोडलेली. १० वर ५ व्होल्ट. ११ आणि १२ आवाज. १, २, ४ म्हणजे लाल, हिरवा, निळा: शांत. ३, सिंक (चित्राच्या ओळी जागेवर ठेवणारा इशारा): शांत. ७ आणि ८, एस-व्हिडिओची उजेडाची आणि रंगाची वायर: शांत. बारातल्या सहा पिना सॉकेटमध्ये आहेत, बोर्डापर्यंत येतात आणि तिथेच थांबतात. दार आहे, उंबरठा आहे, पलीकडे खोली बांधायचीच राहिली.

ताईचा फोन. "चिरफाड करतोयस ना रे? माझं मशीन आहे ते, लक्षात ठेव." म्हटलं, ताई, नुसतं मोजतोय. खरंच नुसतं मोजत होतो.

११ जानेवारी

आधी एनईएस घेतला, कारण तो सगळ्यात सोपा आहे असं मला वाटत होतं.

या मॉडेलची गंमत सांगायलाच हवी. १९८३ चा जपानी फॅमिकॉम फक्त आरएफ द्यायचा, म्हणजे टीव्हीच्या अँटेनाच्या वाटेने चित्र. त्याचे कंट्रोलरही यंत्रालाच कायमचे जोडलेले. अमेरिकेत गेलेल्या एनईएसला मात्र बाजूला काँपोझिटची सॉकेटं होती, कंट्रोलर काढता येत होते. मग १९९३ मध्ये दोन्हीकडे नवं स्वस्त मॉडेल निघालं, जवळपास एकाच साच्यातलं. जपानच्या मॉडेलमध्ये आरएफ काढून मल्टी-आउट दिलं, कंट्रोलर सुटे केले, पण दुसऱ्या कंट्रोलरमधला माइक गेला. अमेरिकेच्या मॉडेलमध्ये काँपोझिट काढलं आणि आरएफ तेवढा ठेवला. भावाभावांनी एकमेकांचे कपडे घालावेत तसं.

पण एक वजाबाकी फायद्याची झाली. समोरून कॅसेट घालायच्या जुन्या एनईएसमध्ये एक लॉकआउट चिप होती. कॅसेटमधल्या जोडीदार चिपेशी तिचा संवाद तुटला की ती दर सेकंदाला प्रोसेसर रिसेट करायची. तो लुकलुकणारा दिवा आणि कॅसेटवर फुंकर मारणं, सगळं त्यापायीच. (फुंकर मारून उपयोग होत नसे, कॅसेट पुन्हा बसवल्याने होत असे. थुंकीने संपर्कांना गंज मात्र चढतो.) एनईएस-१०१ मध्ये ही चिपच नाही. काटकसर म्हणून काढली आणि यंत्र सुधारलं.

चित्राची चिप ४० पायांची. काँपोझिट थेट तिच्या २१ व्या पायावर तयार मिळतं, बोर्ड ते आरएफच्या डबीत नेऊन ओततो. म्हणजे करायचं इतकंच की २१ वरून सिग्नल घ्यायचा, एका ट्रान्झिस्टरने जरा ताकद द्यायची आणि बाहेर न्यायचा. उद्या.

१२ जानेवारी

झालं नाही. बोर्ड उलटा करून सोल्डरच्या बाजूने पाय मोजले, वायर लावली, चालू केलं: काळा पडदा. ट्रान्झिस्टर बदलला. काळा. टीव्ही बदलला. काळा. तासाभराने मीटर लावला तर माझा '२१ वा पाय' आणि ग्राउंड यांच्यामध्ये शून्य ओहम.

बोर्ड उलटा केला की चिपेचं डावं-उजवं बदलतं. २० आणि २१ हे पाय चिपेच्या एकाच टोकाला, अगदी समोरासमोर असतात, आणि २० म्हणजे ग्राउंड. मी तासभर ग्राउंडचं चित्र टीव्हीवर बघायचा प्रयत्न करत होतो. चिपेच्या वरच्या बाजूला २१ जवळ नेलपॉलिशचा लाल ठिपका लावलाय. आता चुकलो तर मीच.

१३ जानेवारी

चित्र आलं. स्थिर, आरएफपेक्षा कितीतरी स्वच्छ. आणि त्यावर उभ्या फिकट पट्ट्या, तुरुंगाच्या गजांसारख्या. निळं आकाश आलं की डोळ्यात खुपतात. हा या मॉडेलचा जुनाच दोष: चित्राची वाट बोर्डावर डिजिटल वाटांच्या अंगाला अंग लावून जाते आणि त्यांची कुजबुज उचलते.

१८ जानेवारी

२१ वा पाय बोर्डातून सोडवून वर उचलला. ४० पायांच्या चिपेतून एकच पाय काढायचा म्हणजे नाजूक काम: आधी विकने (तांब्याच्या विणलेल्या पट्टीने) सोल्डर शोषून घेतलं, मग पाय गरम असतानाच सुईने हळूच टेकू दिला. पायाला वाकायला एकच संधी असते, दुसऱ्यांदा वाकवला तर तुटतो. वायर थेट त्या हवेतल्या पायाला, बोर्डाला शिवायचंच नाही. ट्रान्झिस्टर आरएफच्या डबीपाशी न ठेवता चिपेच्या शेजारीच.

पट्ट्या जवळपास गेल्या. शोधल्या तर दिसतात, खेळताना नाही.

आवाज प्रोसेसरच्या पहिल्या आणि दुसऱ्या पायावरून मिळतो. पहिल्यावर दोन चौकोनी लहरींचे आवाज, दुसऱ्यावर त्रिकोणी लहर, खरखर आणि रेकॉर्ड केलेले आवाजाचे नमुने. बोर्ड दोन्ही मिसळतो. मोह झाला म्हणून दोन कानांना दोन वेगळे देऊन पाहिले. खोटा स्टिरिओ. दहा मिनिटांत डोकं दुखायला लागलं, परत मिसळून टाकले.

आरजीबीचं म्हणाल तर इथे ते मुळात जन्मालाच येत नाही. ही चिप रंग पोटातच थेट काँपोझिटमध्ये बनवते, लाल-हिरवा-निळा वेगळे कधी बाहेर येतच नाहीत. हवे असतील तर वेगळा बोर्ड बसवून चिपेकडे काय काय येतं ते ऐकायचं आणि चित्र नव्याने रंगवायचं. ते माझ्या नियमात बसत नाही.

सॉकेट कुठे लावलं? कुठेच नाही. भोक पाडायचं नाही म्हणून वायर आरएफच्या भोकातूनच बाहेर काढली, टोकाला दोन पिन-सॉकेटं. दिसायला शेपटीसारखं. चालेल.

२६ जानेवारी

ज्युनिअरसाठी मागवलेल्या ॲम्प्लिफायर चिपा यायच्यात, हात रिकामे. इतर कन्सोलमधली कपात वाचत बसलो, आणि एक फरक डोक्यात पक्का होत चाललाय: काही ठिकाणी फक्त वायर कापलेली असते, काही ठिकाणी चिपच कापलेली. पहिलीला सोल्डर पुरतं. दुसरीला काही करता येत नाही.

प्लेस्टेशन २ चं सडपातळ मॉडेल (२००४) घ्या. जाड मॉडेलमागे हार्ड डिस्कची खण असायची, ती गेली. पण सुरुवातीच्या सडपातळ बोर्डांवर चिपेत हार्ड डिस्कच्या लाइन्स जिवंत होत्या, लोकांनी वायरी ओढून डिस्क चालवल्यासुद्धा. पुढच्या मॉडेलांत त्या चिपेतूनच गेल्या, विषय संपला. म्हणजे काटकसर दोन हप्त्यांत: आधी सॉकेट, मग सिलिकॉन.

प्लेस्टेशन ३ मध्ये सुरुवातीच्या ६० जीबी मॉडेलमध्ये प्लेस्टेशन २ च्या खऱ्या चिपा बसवलेल्या होत्या, म्हणून जुने खेळ चालायचे. चिपा गेल्या, खेळ गेले. परत कुठून आणणार?

गेमक्यूबमधून २००४ च्या मॉडेलात डिजिटल व्हिडिओचं सॉकेट काढलं. गंमत अशी की त्या सॉकेटला लागणाऱ्या कंपोनंट केबलमध्येच डिजिटलचं ॲनालॉग करणारी चिप होती, यंत्रात नव्हे. केबल फार खपली नाही, म्हणून सॉकेट गेलं. आता त्या केबलला सोन्याचा भाव.

सेगाच्या मेगा ड्राइव्हची शेवटची अमेरिकी आवृत्ती, १९९८ मधली जेनेसिस ३, सेगाने नव्हे तर मॅजेस्कोने काढली. तिला सेगा सीडी जोडता येत नाही, ३२एक्स चालत नाही (दोन्ही सेगाचीच जोडयंत्रं), आणि कॅसेटमध्ये स्वतःची चिप असलेला व्हर्च्युआ रेसिंगही चालत नाही. एवढं काढल्यावर यंत्र तळहातावर मावतं, हे खरं.

सगळ्यात धीट कापाकापी मात्र निन्टेंडोच्या वी मिनीची. डिसेंबर २०१२ मध्ये आधी फक्त कॅनडात आलं. इंटरनेट नाही, एसडी कार्ड नाही, गेमक्यूबचे खेळ नाहीत, कंपोनंट व्हिडिओ नाही. डिस्क वरचं झाकण हाताने उघडून ठेवायची. ऑनलाइन खेळणाऱ्याला कपाळावर हात मारायला लावणारं यंत्र, पण लाल-काळं दिसतं झकास. नेट आणि कार्ड दोन्ही नसल्याने त्यात स्वतःचा प्रोग्रॅम शिरवायला वाटच नव्हती. २०१९ मध्ये ती सापडली ब्लूटूथमधून, म्हणजे कंट्रोलरसाठी उघडं ठेवावंच लागलेलं दार.

निन्टेंडोच्या हातात धरायच्या २डीएस बद्दल मला आदर आहे. ३डीएस मधून त्रिमिती काढली, बिजागरी काढली, आणि दोन पडदे दिसतात तिथे आतून एकच मोठा पडदा आहे, वर प्लास्टिकची चौकट. याला खरी काटकसर म्हणतात.

२ फेब्रुवारी

चिपा आल्या. ज्युनिअर पुन्हा टेबलावर.

इथे नशीब चांगलंय. मोठी चिप लाल, हिरवा, निळा वेगळे देतेच. एन्कोडर चिप ते घेऊन काँपोझिट बनवते. म्हणजे एन्कोडरच्या तोंडापाशी सगळं ताजं मिळतं, फक्त सॉकेटपर्यंतचा रस्ता उखडलाय. तो परत बांधायला चार वाटांचा व्हिडिओ ॲम्प्लिफायर (टीएचएस७३७४): तीन रंग आणि चौथी सिंक.

ॲम्प्लिफायर का लागतो, ते एकदा मलाच नीट कळायला लिहून ठेवतो. टीव्हीच्या आत प्रत्येक वाटेवर ७५ ओहम असतात. आपणही बाहेर पडताना ७५ ओहमचा रेझिस्टर लावतो, म्हणजे केबलच्या दोन्ही टोकांना सारखा भार आणि सिग्नल परतून सावल्या पडत नाहीत. पण दोन सारखे रेझिस्टर ओळीने म्हणजे टीव्हीला निम्मंच व्होल्टेज मिळणार. ही चिप सिग्नल दुप्पट करते, निम्मा वाटेत जातो, टीव्हीला होता तेवढा पोचतो. थेट वायर लावली तर चित्र अंधारं येतं, त्याचं कारण हे.

बोटाच्या पेराएवढ्या बोर्डावर चिप बसवली, मागे कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी), मोठ्या चिपेपासून लांब चिकटवली. एस-व्हिडिओच्या दोन्ही वाटा थेट एन्कोडरवरून ७ आणि ८ कडे, मध्ये रेझिस्टर आणि कपॅसिटर.

३ फेब्रुवारी

चालू केलं. सगळं जग निळसर-हिरवं. लाल गायब. केस लावताना लाल वाटेची वायर ओढली जाऊन पॅडवरून सुटली होती. एकेरी तारेची वायर वापरली होती, ती वाकते पण ऐकत नाही. लवचिक बहुतारी वायर लावली, थोडी सैल ठेवली.

आता तिन्ही रंग आहेत, पण चित्र भडक. पांढऱ्या ढगांतली छटा गेली, ढग नुसते पांढरे डाग. वन-चिपचा हा स्वभावच आहे, जरा मोठ्याने बोलतो.

९ फेब्रुवारी

ॲम्प्लिफायरच्या आधी तिन्ही रंगांवर ग्राउंडकडे एकेक रेझिस्टर लावून रंगांचा जोर कमी करायचा होता. किंमत ठरवायला ब्रेडबोर्डवर तीन छोटे पोटेन्शिओमीटर (फिरवून बदलता येणारे रेझिस्टर) लावले आणि ढगात परत छटा दिसेपर्यंत फिरवत बसलो. तिन्ही सारखे हवेत, नाहीतर पांढऱ्यात रंग शिरतो. रविवारची दुपार त्यातच गेली. सापडल्यावर मोजले, जवळचे रेझिस्टर शोधले, सोल्डर केले.

स्केलरवर (जुनं चित्र नव्या टीव्हीसाठी मोठं करणाऱ्या डबीवर) लावलं आणि मूळच्या मोठ्या सुपर निन्टेंडोच्या आरजीबीशेजारी ठेवलं. मोठ्याचं चित्र किंचित मऊ, अक्षरांच्या उभ्या कडा पसरलेल्या. ज्युनिअरचं धारदार, प्रत्येक ठिपका आपापल्या जागी. तीन चिपांची एक केली ती पैसे वाचवायला, आणि त्यातूनच कुटुंबातलं सगळ्यात स्वच्छ चित्र निघालं. मग ते बाहेर पडू नये म्हणून सहा पिना मुक्या ठेवल्या! कुणी मुद्दाम केलं नसेल; १९९७ मध्ये १०० डॉलरचं यंत्र घेणारा आरजीबी लावणार नाही, एवढाच हिशोब असेल. तरी चिडचिड झालीच.

२२ फेब्रुवारी

मास्टर सिस्टम २. बंद असण्याचं कारण पाच मिनिटांत सापडलं: पॉवर सॉकेटच्या पायाशी सोल्डरला गोल भेग. गरम केलं, चालू झालं. कॅसेट न घालताच आतला ॲलेक्स किड सुरू झाला. आरएफवर, मुंग्यांसकट.

यातून गेलेल्या गोष्टी: कार्डाची खाच, रिसेटचं बटण, पॉवरचा दिवा, एक्स्पान्शन, आणि माझ्या नमुन्यात आरएफ सोडून बाकी सगळं व्हिडिओ. कार्डाची खाच गेल्याने त्रिमितीचा चष्माही गेला, कारण तो त्याच खाचेत जोडायचा.

पॉझचं बटण मात्र राहिलं. ते कंट्रोलरवर नसून यंत्रावर असतं, आणि थेट झेड८० प्रोसेसरच्या 'नाकारता न येणाऱ्या' इंटरप्टला (चालू काम थांबवायला लावणाऱ्या इशाऱ्याला) जोडलेलं असतं. रिसेट तसं नव्हतं: नावाला रिसेट, पण प्रत्यक्षात खेळाने वाचायचा एक बिट. खेळाने वाचला नाही तर बटण दाबून काही होत नसे. पॉझ खेळांच्या हाडात होतं, रिसेट कातडीवर. कातडी सोलता आली, असा माझा अंदाज.

२३ फेब्रुवारी

व्हिडिओ एका सकाळीत झालं. माझ्या बोर्डावर सीएक्सए११४५ एन्कोडर आहे, सोनीची चिप. सेगाच्या पोटात सोनी! पाय २० वर काँपोझिट, २१, २२, २३ वर निळा, हिरवा, लाल, आणि तेही ताकद दिलेले, म्हणजे वेगळा ॲम्प्लिफायर नको. प्रत्येक वाटेवर ७५ ओहम आणि एक मोठा कपॅसिटर, झालं. आरएफची डबी काढली, तिच्या जागी सॉकेट बसवलं. डबी पिशवीत घालून केसच्या आतच ठेवली, उलटवायचं झालं तर हरवायला नको.

चष्म्याचं काम नंतर कधीतरी. त्याला लागणाऱ्या लाइन्स कॅसेटच्या सॉकेटवर आहेत, एक छोटं सर्किट करावं लागेल.

१ मार्च

ताई तिचा ज्युनिअर न्यायला आली. मी आरजीबी लावून ठेवलं होतं, शेजारी काँपोझिट. बटण दाबून एकदा हे, एकदा ते. ढगातली छटा दाखवली.

ताई म्हणाली, "छान आहे. पण चालू आहे की बंद, हे अजूनही कळत नाही का रे याचं? मी दोनदा रात्रभर चालू ठेवलं होतं. मला वाटलं तू दिव्याचंच बघतोयस."

दोन महिने सहा पिनांच्या मागे होतो. दिव्याची नोंद ५ जानेवारीला मीच केली होती, तिसऱ्या नंबरवर.

१ मार्च, रात्री

लाल एलईडी, १ किलोओहम रेझिस्टर, ५ व्होल्टवरून. भोक नाही पाडलं. कंट्रोलरच्या सॉकेटमागे आडवा चिकटवला, कडेच्या बारीक फटीतून लाल उजेड झिरपतो. सोल्डरचे दोन ठिपके, दहा मिनिटं. ताई तिथेच बसली होती, अंधार करून बघितलं आणि केस लावायला स्वतःच पाना मागितला. मी दिला तो ३.८ चा.